दोन फुलं कमी

त्रिफोन फाटकातून आत आला तो काळा सूट घालून, हातात दोन कार्नेशन घेऊन. मेतोदीनं आधी सूट पाहिला. चला, साठ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या नामदिवसाला नीट कपडे करून आला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. मग त्याचं लक्ष फुलांकडे गेलं. त्यानं मोजली. पुन्हा मोजली. दोनच होती.

जिवंत माणसाला कुणी दोन फुलं देत नाही. एक देतात, तीन देतात, हात सैल असेल तर पाच. दोन, चार, सहा ही मयताची फुलं. आमच्या गोर्नी ब्रेगमध्ये हे शाळेत शिकवावं लागत नाही.

"ये त्रिफोन, बस," मेतोदी म्हणाला.

त्रिफोन जागचा हलला नाही. त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता. "तू बसलायस," तो म्हणाला.

"मग काय उभा राहू? माझ्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे."

"नाही, नाही. बस. बसलेलाच बरा." त्रिफोननं हात पाठीमागे नेला, एक फूल फाटकाशी गुपचूप सोडून दिलं आणि उरलेलं पुढे केलं. "नामदिवसाच्या शुभेच्छा. शंभर वर्षं जग. म्हणजे, अजून एकवीस."

"फूल पडलं तुझं."

"माझं नाही ते. आधीपासून होतं."

नामदिवसाला, म्हणजे ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलेलं असतं त्याच्या दिवशी, कुणी कुणाला बोलावत नाही. येणारा आपला येतो, आणि ज्याचा नामदिवस असतो त्यानं घर सोडायचं नसतं. म्हणून मेतोदी सकाळपासून द्राक्षवेलीखाली टेबलाच्या टोकाला पांढरा शर्ट घालून बसला होता, आणि म्हणूनच आपल्या फाटकावर बाहेरच्या बाजूनं काय चिकटवलंय ते साऱ्या गावात फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

त्याची धाकटी बहीण पेन्का चीजच्या पापुद्र्यांच्या बानित्साचं गरम ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली. त्रिफोनच्या बोटाच्या रोखानं ती फाटकाबाहेर गेली, आणि आली ती ताट एका हातात, फाडलेला कागद दुसऱ्या हातात घेऊन. "दादा," ती म्हणाली, "तू गेलास रे!"

कागदाला बोटभर जाडीची काळी चौकट होती. मधोमध मेतोदीचा फोटो. खाली लिहिलं होतं:

*मेतोदी स्तोयानोव देल्यानोव, वय ७९. ज्यांनी आपल्या लेकींना निवारा दिला. ११ मे, सकाळी अकरा वाजता, राहत्या घरी. फुलांऐवजी नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहासाठी पेटीत मदत टाकावी. कृतज्ञ कुटुंबीय.*

आता यात 'निधन' हा शब्द कुठेच नाही, हे खरं. पण आमच्याकडे माणूस गेला की तासाभरात त्याचं पत्रक विजेच्या खांबावर, बस थांब्यावर आणि पावाच्या दुकानाच्या दारावर लागतं, आणि ते अस्संच दिसतं. त्यात फोटोत मेतोदीनं दोन्ही हातांत वसतिगृहाचं पुठ्ठ्याचं मॉडेल धरलेलं. आमच्या चर्चच्या भिंतीवरही अशी माणसं रंगवलेली आहेत, ज्यांनी चर्च बांधायला पैसे दिले ती, प्रत्येकाच्या हातात इवलंसं चर्च. त्यातला एकही जिवंत असल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"मला आधी शंका आली होती," त्रिफोन बानित्साचा तुकडा उचलत म्हणाला. "क्रॉस नव्हता ना वर. मग बायको म्हणाली, बरोबर आहे, मेतोदी शेवटपर्यंत पक्षाचाच राहिला. कॉम्रेड लोकांच्या कागदावर क्रॉस कुठला?"

मेतोदी इथपर्यंत शांत होता. मेल्याची बातमी त्यानं बऱ्यापैकी पचवली होती. पण हे ऐकून तो गुडघे विसरून उठला. "पक्षाचा? मी? माझ्या बापाची लोणच्याची फॅक्टरी सत्तेचाळीस साली कुणी घेतली, विसरलास?"

"नाही रे. आणि एकाहत्तर साली तिचा संचालक कोण झाला, तेही विसरलो नाही."

"कार्ड घेतलं होतं मी! कार्ड! बापाच्या बरण्यांजवळ राहता यावं म्हणून!"

ते कार्ड मेतोदीनं का घेतलं याची चर्चा या घरात त्याच्या बायकोच्या, येलेनाच्या, मृत्यूनंतर बंद होती. पेन्कानं घाईनं राकियाची बाटली दोघांच्या मध्ये ठेवली.

पण खरं सांगायचं तर मेतोदीच्या छातीत दुखलं ते वेगळ्याच शब्दावर. निवारा *दिला*. त्यानं अजून काहीच दिलं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवात, तिसऱ्या पेल्यानंतर, तो माइकसमोर म्हणाला होता, "वसतिगृहाला जागा माझी!" टाळ्या पडल्या, फोटो निघाला, आणि सही तेवढी राहिली. कॉलेजशेजारची ती जागा त्याच्या नावावरची शेवटची वस्तू. लेक इस्क्रा तिथं वसतिगृह मागत होती, मुलगा ओग्न्यान तिथं सुपरमार्केट आणणार होता. सही होत नव्हती तोवर दोघंही दर रविवारी एक वाजता जेवायला येत होते. म्हातारा काही खुळा नव्हता. सही झाल्यावर या टेबलाशी कोण येईल, याचा हिशेब त्यानं केव्हाच करून ठेवला होता, आणि उत्तर त्याला आवडलं नव्हतं.

*

ओग्न्याननं तो कागद पोस्टाच्या वळणावरच्या खांबावर पाहिला. गाडी चाळीस किलोमीटर सुरळीत आली होती, तिथं बंद पडली. म्हणजे त्यानंच बंद पाडली.

"अगं बाई," त्याची बायको रुम्याना म्हणाली. आणि मग लगेच, "बघितलंस? तुझ्या बहिणीनं आपल्याला साधा फोन केला नाही, आणि कागद छापून मोकळी! कृतज्ञ कुटुंबीय म्हणे. आपलं नाव तरी घालायचं!"

ओग्न्यानच्या मनात पहिला विचार जागेचा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. सही न करता गेले, म्हणजे निम्मी माझी. हा विचार त्याच्या डोक्यात जेमतेम गाडीचा इंडिकेटर दोनदा लुकलुकेपर्यंत टिकला. दुसरा विचार सूपचा आला. मागच्या रविवारी तो सूप अर्धं टाकून उठला होता. बाबा म्हणाले, "संपव ते," आणि तो म्हणाला, "मला उशीर होतोय."

"फुलं पाच आहेत," रुम्याना मागच्या सीटकडे वळून म्हणाली. ती व्यवहारी बाई आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. "एक काढ. चार कर."

ओग्न्याननं पुडक्यातला एक ट्यूलिप ओढला आणि खिडकीबाहेर टाकला. मग त्याला गिअर सापडेना. मग त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि पन्नास वर्षांचा, शंभर किलोंचा तो माणूस पोस्टासमोर हुंदके देऊन रडला. चोवीस वर्षांच्या संसारात रुम्यानानं हे पाहिलं नव्हतं. काय करावं ते न सुचून तिनं त्याला काच पुसायचं फडकं दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजचे संचालक हरिझानोव.

"ओग्न्यानभाऊ, शब्द नाहीत माझ्याकडे," हरिझानोव म्हणाले आणि पाच मिनिटं बोलले. "हानी भरून न येणारी आहे. आणि दिवस योग्य नाही, मला कळतं, पण उद्या बारा वाजेपर्यंत जागेचे कागद मंत्रालयात गेले नाहीत तर बांधकामाचा पैसा दुसऱ्या गावाला जातोय. आता मालक तुम्हीच. वडिलांचा शब्द तुम्ही राखाल, याबद्दल मला तिळमात्र शंका... नाही ना?"

"नंतर बोलू," ओग्न्यान म्हणाला.

"नक्की, नक्की. बारापर्यंत केव्हाही."

घरापाशी पोचले तर आतून आवाज येत होता, "बापाच्या बरण्यांजवळ राहता यावं म्हणून!" ओग्न्यान फाटकाला धरून उभा राहिला. तो आवाज साऱ्या जगात एकाच माणसाचा होता. मग त्याला राग आला. असा राग, की म्हाताऱ्याला गदगदा हलवावं.

"चार आहेत," रुम्याना कुजबुजली. "चार नेऊ नकोस!" पाचवा ट्यूलिप पोस्टासमोर पडलेला. ओग्न्याननं आणखी एक ओढून कुंपणापलीकडे भिरकावला, तीन फुलांचं पुडकं घेऊन आत गेला आणि ते बापासमोर टेबलावर आपटलं.

"एवढा उशीर?" मेतोदी म्हणाला. "आणि डोळे का लाल तुझे? काल पीत बसला होतास?"

"हो," ओग्न्यान म्हणाला.

*

इस्क्रा आली ती काखेत मदतपेटी घेऊन, हसतमुखानं. फाटकाशी पाचसहा फुलं पडलेली दिसली तिला, पण अर्थबोध झाला नाही. छापलेला कागद तिनं पाहिलाच नव्हता. मजकूर तिनं छापखानेवाल्या गेंचोला फोनवर सांगितला होता, चिकटवायचं कामही त्याच्याकडेच दिलं होतं.

तिचा बेत साधा होता. बाबांच्या नामदिवसाला सगळ्या गावाला घरी आणायचं, पेटी मांडायची, संचालकांना चार शब्द बोलायला लावायचं, आणि एवढ्या लोकांपुढे बाबांना सहीला नाही म्हणता येणार नाही अशी वेळ आणायची. सभ्य शब्दांत याला निधीसंकलन म्हणतात. मनातल्या मनात ती त्याला सापळा म्हणत होती आणि त्याबद्दल तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. एकशे चाळीस मुली ऐंशीजणींच्या इमारतीत राहत होत्या.

"आलीस?" ओग्न्यान म्हणाला. "बस. मयताला आलोय सगळे."

त्यानं कागद तिच्या हातात दिला. इस्क्रानं वाचला आणि ती मटकन बाकावर बसली.

"मी असं... मी चौकट सांगितली नव्हती!"

"तू मुद्दाम केलंस. मेल्यावर तरी सही करतील म्हणून!"

"दादा, मेल्यावर सही कशी करतील?"

"तुझं काही सांगता येत नाही!"

"आणि तू? तू फाटकातून कसा आला असशील ते कळतंय मला. मयताच्या घरी येतात तसा नाही, जप्तीला येतात तसा!"

"त्याला कशाला बोलतेस?" पेन्का आत्या मध्ये पडली. गेली अडीच वर्षं ती ओग्न्यानच्या बाजूनं होती, कारण सुपरमार्केट आलं की दही कोपऱ्यावर मिळणार होतं. पण तेवढ्यात शेजारच्या तीन बायका मयताला नेतात ते साखर पेरलेले उकडलेले गहू घेऊन फाटकात आल्या आणि सरळ तिच्या गळ्यात पडून रडू लागल्या. पेन्काला आयुष्यात कुणी एवढं महत्त्व दिलं नव्हतं. तिनं तिघींना पोटभर रडू दिलं, मग डोळे पुसून सांगितलं, "नाही गेला. पण आत या." आणि इस्क्राकडे वळून ती हळूच म्हणाली, "कागद चांगला झालाय हो. फोटो छान आलाय." पेन्का आत्यानं पक्ष बदलला होता.

गेंचो छापखानेवाला स्वतःच आला, हातात एकच फूल घेऊन. त्याला पाहताच इस्क्रा उठली.

"गेंचोभाऊ, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"काळी चौकट!"

"रंगीत शाई संपली होती. आणि माझ्याकडे साचा तो एकच आहे. लग्नपत्रिका लोक आता फोनवर पाठवतात ताई, मरण तेवढं अजून कागदावर लागतं. क्रॉस काढला ना मी? मुद्दाम काढला. म्हटलं, माणूस जिवंत आहे, गैरसमज नको."

टेबलाच्या टोकाकडून मेतोदीनं त्याच्याकडे असं पाहिलं की गेंचोनं आपलं एकमेव फूल गव्हाच्या परातीशेजारी ठेवलं आणि तो खुराड्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला.

माणसं येत राहिली. प्रत्येकजण फाटकात दचकत होता, मग खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करत होता, आणि उठताना त्याच्या हातात एक फूल कमी असायचं. फाटकाशी ढीग वाढत गेला. पेटी बाकावर मोकळीच होती. फुलांऐवजी म्हटलं होतं, पण मेलेल्याकडे रिकाम्या हातानं कोण जातं, आणि फुलं आणल्यावर पेटीत पुन्हा कोण टाकतं? नोटरी मारिनोवाबाई तर चार गुलाबांबरोबर आपला शिक्काही घेऊन आल्या होत्या. "वारसांना लागेल म्हणून," त्या म्हणाल्या, आणि बानित्साचं कुरकुरीत टोक त्यांनी मागून घेतलं.

अकराला रस्त्यावर पावलं वाजली. हरिझानोव पुढे, आणि त्यांच्यामागे दोनदोनच्या रांगेत पांढऱ्या गणवेशातल्या साठ मुली, प्रत्येकीच्या हातात दोन लाल कार्नेशन. हरिझानोवांनी खिशातून भाषण काढून ठेवलं होतं. फाटकात त्यांनी मान वर केली, मेतोदीनं राकियाचा पेला उचललेला पाहिला आणि ते थांबले. मागच्या मुली त्यांच्यावर आदळल्या.

माणूस मोठा अनुभवी. चार सरकारं त्यानं त्याच खुर्चीतून पाहिलेली. त्यानं भाषण खिशात घातलं नाही.

"मेतोदी देल्यानोव," त्यांनी सुरुवात केली, "हे एक थोर दाते होते... आहेत. त्यांची उणीव... उपस्थिती, ही कधीही भरून येणारी नाही. ते आज आपल्यात नाहीत... नाहीत असं म्हणवत नाही, कारण ते आहेत. त्यांच्या आत्म्याला शांती... शांतीनं त्यांनी जेवावं, अशी मी प्रार्थना करतो."

"तुम्हीही जेवा," मेतोदी म्हणाला.

साठ मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कुणी न सांगता प्रत्येकीनं एकेक फूल ढिगावर ठेवलं. मग एकेक करून त्या मेतोदीला उरलेलं फूल देऊ लागल्या. पहिली मुलगी, ठेंगणी, नाकावर पुटकुळ्या असलेली, फूल देताना त्याचं मनगट धरून राहिली आणि घड्याळाकडे बघू लागली.

"एकशे दोन," ती म्हणाली. "आजोबा, घाबरलात का?"

"मला मारलंय सकाळपासून. घाबरणार नाही?"

"पाणी प्या. राकिया नको." तिनं पेला सरकवून ठेवला.

"नाव काय तुझं?"

"झोर्नित्सा."

"एवढ्या उन्हात कशाला आणलं तुम्हाला?"

"आम्ही चारलाच उठतो आजोबा. गरम पाणी एकाच नळाला येतं, ते पण साडेपाचपर्यंत. आज रविवार आहे, पण सवय झालीय." ती तक्रार करत नव्हती, ताप सांगावा तसं सांगत होती. "सर म्हणाले, तुम्ही नवीन बांधून दिलंत, आणि गेलात. आम्ही म्हटलं, कुठं बांधलंय ते कुणी बघितलंय का? पण मेलेल्या माणसाबद्दल कसं विचारायचं?"

"आता विचार."

"कुठं बांधलंय?"

मेतोदीनं पाणी प्यायलं.

*

दोन वाजता परकी माणसं पांगली. टेबलाशी घरचे राहिले, आणि हरिझानोव, आणि मारिनोवाबाई, ज्यांना कोकराचं मटण फार आवडलं होतं. पेन्का आत्या फाटकाशी ढिगातली फुलं बादलीत भरत मोठ्यानं मोजत होती. "सत्त्याऐंशी," ती म्हणाली, एक कुंपणावर ठेवलं आणि उरलेली उचलली. "शहाऐंशी. सम झाली. संध्याकाळी येलेनावहिनीच्या थडग्यावर नेते. वाया कशाला घालवायची?"

मेतोदी त्याला मिळालेली फुलं स्वतःच्याच फॅक्टरीच्या काकडीच्या बरण्यांत लावत होता. ओग्न्यानच्या पुडक्याचा कागद सोडताना त्याचा हात थांबला. फुलवाली स्तांका पुडक्यावर पेन्सिलीनं आकडा लिहिते, पैसे मागताना चूक नको म्हणून. दर रविवारी तोच आकडा असायचा. आजही तोच होता.

"ओग्न्यान, दोन फुलं कमी आहेत."

"असतील."

"कागदावर पाच लिहिलंय."

"तिनं तीनच दिली."

"बाबा, ते पोस्टाजवळ—" रुम्यानानं तोंड उघडलं.

"तू गप्प बस," ओग्न्यान म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मेतोदी आयुष्यभर बरण्या मोजत आलेला माणूस. पाचातून एक गेलं की चार. चारातून एक गेलं की तीन. म्हणजे हा पोरगा कुठंतरी चार फुलं हातात घेऊन उभा होता. त्यानं मुलाच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते अजून सुजलेले होते, आणि काल कुणी काही प्यायलं नव्हतं. म्हाताऱ्याला एकदम फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी फार लाज वाटली.

"आणि तू किती आणलीस?" त्यानं लेकीला विचारलं.

"मी?" इस्क्रा गोंधळली. "मी... फुलांऐवजी..."

टेबलाशी कुणी हसलं नाही. मेतोदी तेवढा हसला, अगदी मनापासून, आणि म्हणाला, "कागद आण."

"कुठला?"

"तुझ्या पिशवीत अडीच वर्षं फिरतोय तो. मारिनोवाबाई, हात पुसा आणि शिक्का काढा."

"बाबा!" ओग्न्यान उठला. "तिला? म्हणजे मी मूर्ख? मी सुपरमार्केटवाल्यांना शब्द दिलाय! आगाऊ रक्कम घेतलीय मी!"

"परत कर."

"तुम्ही माझं ऐकून तरी घ्या!"

"चारला उठतात त्या पोरी," मेतोदी म्हणाला. "मी मेलो म्हणून त्या उन्हातून आल्या, आणि मी काय दिलं ते त्यांना विचारता येईना. मला मेल्यावर असली फुलं नकोत." त्यानं पेन उचललं. "परत मिळालेली फॅक्टरी तुझ्या नावावर केली. घर पेन्काच्या. ही सही केली की माझ्याकडे देण्यासारखं काही राहत नाही. पुढच्या रविवारी इथं जेवायला यायचं कुणाला काही कारण नाही. तुलाही नाही, हिलाही नाही. नीट ऐकलंत ना दोघांनी?"

"असं काय बोलता बाबा," इस्क्रा म्हणाली. पण बोलताना तिचे डोळे पेनाच्या टोकावर होते, आणि ते तिचं तिलाच कळलं. या अंगणात ती शेवटची कधी पिशवीत तो कागद न घेता आली होती, हे तिला आठवेना.

मेतोदीनं सही केली. शिक्का पडला. हरिझानोवांनी खिशातलं भाषण बाहेर काढलं आणि पेन्का आत्यानं ते त्यांच्या हातातून घेऊन बरणीखाली ठेवलं, टेबल ओलं होऊ नये म्हणून.

ओग्न्याननं गाडी अशी काढली की कोपऱ्यावरचा कुत्रा कुंपणावरून उडाला. फाटकावर काळ्या चौकटीचा वरचा तुकडा चिकटून राहिला होता. मेतोदी तो नखानं खरवडत बराच वेळ उभा होता.

*

पुढच्या रविवारी त्यानं पेन्काला सांगितलं, "दोनच ताटं मांड."

"आणि कुणी आलं तर?"

"येईल त्याला उठून ताट घ्यायला हात आहेत."

बाराला इस्क्राचा फोन आला. मंत्रालयातून मंजुरी आली होती, आवाजात नुसता आनंद होता. "बाबा, आज जमणार नाही हो. आर्किटेक्ट आलेत, जागेची मापं घ्यायचीत. पुढच्या रविवारी नक्की. तुम्ही रागावला नाहीत ना?"

"नाही गं. माप नीट घ्या. नळ जास्त ठेवा म्हणावं."

"हो, झोर्नित्सानं पण तेच सांगितलं!" ती हसली आणि फोन ठेवला.

एक वाजून गेला. पेन्कानं सूप वाढलं. दोघांनी चमचे उचलले तेव्हा फाटक वाजलं. ओग्न्यान एकटाच होता, दाढी न केलेला, कागदाचं पुडकं काखेत घेतलेला. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचं ताट आणलं, बसला, आणि सूप खाऊ लागला. त्यानं ते तळापर्यंत संपवलं, पावानं ताट पुसलं.

"त्यांनी नुकसानभरपाई मागितलीय," मग तो म्हणाला. "तुमच्यामुळे."

"मीठ पुरेसं होतं का?"

"कमी होतं." त्यानं पुडकं बापापुढे ढकललं. "हे घ्या. आणि आत्ताच मोजा. मागाहून म्हणाल, कमी आहेत."

मेतोदीनं चष्मा लावला, कागद सोडला आणि एकेक करून टेबलावर ठेवत मोजली. सात होती.